धोंडू : एका दुर्मीळ झालेल्या नावाचा इतिहास

उपनगरातल्या कोणत्याही बालवाडीत सकाळची हजेरी ऐकावी. विहान, अद्वैत, रेयांश, इरा, मायरा, कियारा. घाटकोपर काय, मुलुंड काय, अंधेरी-बोरिवली काय, सूर सारखाच. प्रत्येक आईबापाला वाटते की आपल्या बाळाचे नाव दुर्मीळ असावे, वर्गात दुसऱ्या कोणाचे नसावे. सगळ्यांनाच तसे वाटत असल्यामुळे एकेका वर्गात तीन-तीन विहान बसलेले असतात.

मी बरीच वर्षे मराठी माणसांच्या नावांची टिपणे काढीत आलो आहे. कुलवृत्तान्त, शाळांची जुनी जनरल रजिस्टरे, मतदारयाद्या, वृत्तपत्रांतले निधनवार्तांचे रकाने, असे माझे वाचन. हे ठाऊक असल्यामुळे आमच्या घाटकोपरातली तरुण जोडपी कधीमधी विचारतात, "काका, कोणाचंच नसेल असं एखादं नाव सुचवा ना." खरे उत्तर द्यायचे तर ते एकच आहे. ते नाव अस्सल मराठी आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या लढायांच्या हकिकतींत ते सापडते. पेशव्यांच्या घरात ते होते. एका भारतरत्नाचे ते नाव आहे. आणि आजच्या बालवाडीत ते शोधूनही सापडायचे नाही. ते नाव म्हणजे धोंडू.

धोंडू, धोंडो, धोंडिबा, धोंडोपंत. मुलगी असेल तर धोंडी, धोंडाबाई. त्याचा सख्खा भाऊ दगडू आणि बहीण दगडाबाई. गिरणगावातल्या चाळींत, कोकणातल्या वाड्यांत, देशावरच्या गावांत हे नाव दर चार घरांआड ऐकू यायचे. आज ते भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीखाली उरले आहे. एवढे पसरलेले नाव दोन-तीन पिढ्यांत कसे नाहीसे झाले?

"फॅशन बदलली" हे उत्तर पुरत नाही. फॅशनने गेलेली नावे परत येतात. अर्जुन, कबीर, मीरा, रमा ही आजोबा-पणज्यांची नावे आज पुन्हा पाळण्यात आली आहेत. धोंडू मात्र परत आला नाही, आणि येईल असे दिसत नाही. याचे कारण त्या नावाच्या कामात आहे. हे नाव शोभेसाठी ठेवले जात नव्हते. त्याला एक काम नेमून दिलेले होते, आणि ते काम संपले.

नावाचे काम

घरात मुले होत, पण टिकत नसत. पहिले गेले, दुसरे गेले, तिसऱ्याच्या वेळी आई-आजी सावध होत. मराठीत लहान मूल मरण्याला खास क्रियापद आहे, दगावणे. मूल 'दगावले', म्हणजे त्याने दगा दिला. शब्दातच घराची फसवणूक झाल्याची भावना आहे. पुन्हा दगा होऊ नये म्हणून नव्या बाळाला वाईटसाईट, टाकाऊ नाव दिले जाई. ज्याला दगड म्हणतात त्याला दृष्ट कशी लागणार? मृत्यू, सटवाई, हडळ, जे कोणी मुले नेणारे असेल, ते चांगली वस्तू उचलेल. दगडधोंड्याला कोण हात लावतो?

या तर्काभोवती विधी होते, आणि विधीनुसार नावे. बाळाला जन्मताच केराच्या सुपात किंवा उकिरड्यावर ठेवून उचलून आणले, तर तो केरबा, केरू. शेजारणीला बाळ देऊन टाकून तिच्याकडून ते भिक्षा म्हणून मागून घेतले, तर भिकू, भिकाजी, भिकीबाई. एखादी कवडी मोजून विकत घेतले, तर कवडू; हे नाव विदर्भात विशेष. मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढवले, तर नथू. नथुराम गोडसेचे मूळ नाव रामचंद्र होते आणि आधीचे मुलगे दगावल्यामुळे त्याच्या नाकात नथ घातली गेली, ही हकीकत त्याच्या चरित्रांत नोंदलेली आहे. या सगळ्या विधींचा गाभा एकच आहे. आईने जाहीर करायचे, की हे मूल माझे नाही, मला ते सापडले, मागून आणले, विकत घेतले. मनातली माया लपवायची आणि वर बेपर्वाई दाखवायची.

धोंडा या शब्दात आणखी एक पदर आहे. धोंडा टणक असतो, पाऊसपाण्याने झिजत नाही, म्हणून मूलही तसे टिकावे ही इच्छा त्यात आहे. शिवाय आपल्याकडे शेंदूर फासला की धोंड्याचा देव होतो. गावाच्या शिवेवरचा म्हसोबा, रानातली सटवाई, वेताळ, यांची रूपे धोंड्यांचीच. त्यामुळे धोंडू म्हणताना मृत्यूला वाटावे की हा टाकाऊ आहे, आणि देवाला वाटावे की हा आपला आहे, अशी दुहेरी सोय झाली. काही घरांत असेही सांगतात की अधिक महिन्यात, म्हणजे खेड्यांतल्या भाषेत धोंड्याच्या महिन्यात, जन्मला म्हणून धोंडू. गणपतीच्या धुंडिराज या नावाशीही त्याची गल्लत होते. दादासाहेब फाळके धुंडिराज होते, धोंडो नव्हते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. नाव एकदा घरात आले की ते आजोबांकडून नातवाकडे जात राही. म्हणून प्रत्येक धोंडोच्या आधी एखादे भावंड गेलेले असेलच, असे म्हणता येत नाही. पण कुलवृत्तान्तात जिथे धोंडो पहिल्यांदा दिसतो, तिथे वरच्या ओळींत 'अल्पवयात मृत' हे शब्द शोधावेत. ते पुष्कळदा सापडतात.

एकाच रस्त्यावर चार भाषा

ही युक्ती आपलीच आहे, असे मराठी माणसाला वाटत असेल तर त्याने उपनगरातल्या एखाद्या बाजारपेठेतून डोळे उघडे ठेवून चालावे. घाटकोपरच्या गुजराती घरांत दोन पिढ्यांपूर्वी कचराभाई, कचरालाल ही नावे सर्रास होती. पेढीचा मालक, लाखोंची उलाढाल, आणि नाव कचरा. उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांत घुरहू, म्हणजे उकिरड्यावरचा. फेंकू, म्हणजे फेकून दिलेला. छेदी, म्हणजे नाक-कान टोचलेला. मुलुंड-चेंबूरच्या तमिळ घरांतला कुप्पुस्वामी ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्यातले 'कुप्पै' म्हणजे केर. आपल्या केरबाचा तो दाक्षिणात्य जुळा भाऊ. गुगलच्या सुंदर पिचई यांच्या नावातला 'पिच्चै' हा तमिळ शब्द म्हणजे भिक्षा. म्हणजे आपला भिकाजीच.

बंगालात तीनकौडी, पाचकौडी ही नावे होती. त्याच रीतीचे एक नाव आपल्या सगळ्यांच्या ओठी आहे. खुदिराम बोस १८८९ साली जन्मले. आधीचे मुलगे वाचले नव्हते, म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीने मूठ-मूठ खुद, म्हणजे तांदळाची कणी, देऊन त्यांना आईकडून विकत घेतले. त्यावरून खुदिराम. एवढ्या आटापिट्याने वाचवलेला हा मुलगा ११ ऑगस्ट १९०८ रोजी, अठराव्या वर्षी, फाशी गेला. त्याच मुजफ्फरपूर प्रकरणावरच्या 'केसरी'तील लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची मंडालेची शिक्षा झाली. खुदिरामचे नाव मराठी घराघरांत पोचले ते तेव्हापासून. त्या नावात तांदळाची कणी आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

जग आणखी मोठे आहे. चीनमध्ये मुलाला 'कुत्र्याने उरवलेला' अशा अर्थाचे नाव देत. नायजेरियातल्या योरुबा समाजात, जन्मून पुन्हा पुन्हा मरणाऱ्या मुलाला 'अबिकू' म्हणतात, आणि त्याला थांबवण्यासाठी मालोमो, म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस', किंवा दुरोजाये, म्हणजे 'थांब, आयुष्य भोग', अशी नावे ठेवतात. योरुबा आई मुलाची थेट विनवणी करते, मराठी आई त्याला दगड म्हणते. दोघींची भीती सारखीच.

धोंडोपंतांचा काळ

धोंडू हे नाव गरिबांचे, अडाण्यांचे, असा आजचा समज आहे. जुने कागद तसे सांगत नाहीत. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यावर कर्नाटकात ज्या बंडखोराने इंग्रजांची झोप उडवली, तो धोंडिया वाघ. त्याच्याशी लढताना १८०० साली पेशव्यांचे सरदार मारले गेले, ते धोंडोपंत गोखले, बापू गोखल्यांचे चुलते. एकाच लढाईत दोन्हीकडे धोंडो. पुढे १० सप्टेंबर १८०० रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने धोंडिया वाघाला गाठून मारले. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. धोंडियाचा लहानगा मुलगा सामानसुमानात सापडला, तेव्हा वेलस्लीने त्याला आपल्या आश्रयाला घेतले आणि त्याच्या पालनपोषणाची तजवीज केली.

अठराशे सत्तावनच्या उठावातले नानासाहेब पेशवे हेही धोंडोपंतच. दुसऱ्या बाजीरावाने १८२७ साली त्यांना दत्तक घेतले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे नाव वारंवार 'धोंडू पंत' असेच येते. पेशव्यांच्या गादीचा वारस धोंडू असू शकत होता, आणि कोणाला त्यात हसण्यासारखे वाटत नव्हते. टिळकांचे गुरू, गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांच्या विद्वत्तेला त्यांच्या नावातल्या केराने उणेपणा आला नाही. डॉ. आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई यांचे वडील भिकू धोत्रे, दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहणारे. मराठवाडा मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढणाऱ्या दगडाबाई शेळके. पुण्याचे मिठाईवाले दगडूशेठ हलवाई. त्यांनी मुलगा गमावल्यावर गुरूंच्या सांगण्यावरून गणपतीची मूर्ती घडवून घेतली, अशी हकीकत सांगितली जाते. ज्या माणसाच्या नावात मूल वाचवण्याची आस होती, त्यालाच पुत्रशोक झाला. आज लाखो लोक 'दगडूशेठला जाऊन आलो' असे सहज म्हणतात, पण मुलाचे नाव दगडू ठेवत नाहीत.

ब्राह्मणापासून महारापर्यंत, पेशव्यापासून हमालापर्यंत सगळ्यांत ही नावे होती, कारण मूल दगावणे सगळ्यांच्याच घरी होते.

आकड्यांतली मुंबई

किती मुले जात होती? मुंबई शहरात १९२१ साली हजार नोंदलेल्या जन्मांमागे सुमारे ६६७ अर्भकमृत्यू नोंदले गेले. आकडा वाचून विश्वास बसत नाही, आणि तो जसाच्या तसा घेऊही नये. चाळीतल्या अनेक बाया बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे होई आणि बाळ घेऊन परतल्यावर मृत्यूची नोंद मुंबईत होई. त्यामुळे प्रमाण फुगले. तेवढे वजा करूनही उरते ते भयानकच आहे. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. दहा बाय दहाची खोली, सामायिक नळ, धूर, अंधार, आणि गिरणीत पाळी असलेली आई.

मृत्यूचे वेळापत्रकही आपल्या रूढींत उमटले आहे. नाळ कापताना होणाऱ्या जंतुसंसर्गाने नवजात बाळांना धनुर्वात होई, आणि तो बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत जीव घेई. पाचवीला सटवाईची पूजा, त्या रात्रीचे जागरण, बाळापाशी दिवा विझू न देणे, आणि बारसे थेट बाराव्या दिवशी. धोक्याचे दिवस उलटल्यावरच नाव. आधी नाव ठेवले तर ते जीव लागण्याचे कारण होई, असे जुन्या बाया मानत. देवी, पटकी, प्लेग हे त्यानंतरचे धोके. प्लेग १८९६ साली मांडवीत प्रगटला आणि शहरातली माणसे साष्टीतल्या मोकळ्या गावांकडे पळाली. आजच्या उपनगरांच्या वस्तीत त्या पळापळीचाही वाटा आहे.

त्याच मुंबईत, परळच्या बीआयटी चाळीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. त्यांची पाच अपत्ये. त्यांपैकी एकटे यशवंत जगले. गंगाधर, रमेश, इंदू गेले, आणि शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. मला या नावापाशी दर वेळी थांबावे लागते. एवढी मुले गमावलेल्या बापाने रूढीप्रमाणे बाळाला धोंडू, भिकू, केरू म्हटले असते तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी नाव ठेवले राजरत्न. मृत्यूला फसवण्यासाठी मुलाला हिणवायचे नाही, जे सर्वांत मोलाचे आहे ते उघडपणे मोलाचे म्हणायचे. हे मूलही वाचले नाही. पण नाव ठेवण्याची दृष्टी बदलली होती, आणि त्याला कारण होते.

दगडूची दुसरी बाजू

ते कारण जातीत आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे कशी असावीत ते सांगितले आहे. ब्राह्मणाचे मंगल, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे, आणि शूद्राचे जुगुप्सा वाटेल असे. वरच्या जातीतल्या धोंडोला मोठा झाल्यावर 'पंत', 'शेठ', 'राव' जोडले जाई आणि धोंड्याचा धोंडोपंत होई. गावकुसाबाहेरच्या दगडूला तशी जोड मिळत नसे. त्याचे 'दगड्या' होई, आणि तो म्हातारा झाला तरी गावातले पोरसुद्धा त्याला तसेच हाक मारी. आईने मायेपोटी ठेवलेले नाव गावाने अपमानासाठी वापरले. आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर होते. काही माणसांच्या वाट्याला तेवढेही अंतर आले नाही.

या जखमेवर मराठीत ज्यांनी थेट बोट ठेवले, त्या दया पवार यांचे खरे नाव दगडू मारुती पवार. 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसातली ही दोन नावे समोरासमोर बसतात. एक गावाने दिलेले आयुष्य जगलेला, दुसरा शहरात लिहिता झालेला. मराठी वाङ्मयात एखाद्या नावावर एवढे ओझे क्वचितच पडले असेल.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर हजारो घरांतली नावे एका पिढीत पालटली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा. विक्रोळी, घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांतल्या शाळांची रजिस्टरे चाळताना हे पालटणे डोळ्यांनी दिसते. बापाच्या रकान्यात दगडू, धोंडिबा, भिकाजी. मुलाच्या रकान्यात सिद्धार्थ. एका ओळीत दोन काळ.

विनोदाच्या वाटेने निरोप

पांढरपेशा घरांत हे नाव वेगळ्या वाटेने गेले. तिथे ते हळूहळू हास्यास्पद झाले. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी'चा नायक धोंडो भिकाजी कडमडे-जोशी. पुस्तक १९६४ चे. बापाचे नाव भिकाजी, मुलाचे धोंडो, म्हणजे दोन पिढ्यांचे नवस एका नावात आले. पु. लं.चे बालपण जोगेश्वरी आणि पार्ल्यात गेले. गिरगावातून उपनगराकडे सरकणारा मराठी मध्यमवर्ग त्यांनी अगदी जवळून पाहिला होता. त्यांनी आपल्या सामान्य, बुजऱ्या, काळाबरोबर फरफटणाऱ्या कारकुनाला नेमके हे नाव दिले, आणि वाचकाला ते लगेच पटले. नाव विनोदी वाटायला लागले होते, याचा अर्थ त्यामागची भीती विसरली जात होती. ज्या घरात अलीकडे मूल गेले आहे, तिथे धोंडू या नावाला कोणी हसत नाही.

पन्नास वर्षांनी, २०१४ च्या 'टाइमपास' चित्रपटात, चाळीतल्या प्रेमवीराचे नाव दगडू होते. थिएटरांत शिट्ट्या वाजल्या, संवाद पाठ झाले, पण बारशाच्या पाळण्यात दगडू आला नाही.

धों. उरले ते आद्याक्षरात

नाव विरळ होण्याचा खरा इतिहास आरोग्याचा आहे. तो मुंबईतच सुरू होतो. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत देवीची लस टोचली गेली. भारतातले ते पहिले यशस्वी लसीकरण. १८९७ च्या जानेवारीत हाफकिनने याच शहरात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे देशातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. नमुना नोंदणीनुसार भारतात १९७१ साली हजार जन्मांमागे १२९ अर्भके दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. नळाचे पाणी, सुईणीऐवजी प्रसूतिगृह, लसीचे कार्ड, आणि कमी मुले.

यांतले शेवटचे कारण सांगताना एक योगायोग नोंदवावासा वाटतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या. त्यांचा थोरला मुलगा रघुनाथ. त्याने १९२१ साली, ज्या साली मुंबईचा अर्भकमृत्यूचा तो भीषण आकडा नोंदला गेला त्याच साली, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. खटले सोसले, हेटाळणी सोसली. त्याचे म्हणणे असे की मुले हवी तेव्हा, हवी तेवढी व्हावीत, आणि बाईच्या जिवावर होऊ नयेत. ज्या नावांची गरज मुलांच्या अटळ मरणातून निर्माण झाली, ती गरज संपवण्याच्या कामातला हा माणूस सही करी ती 'र. धों. कर्वे' अशी. कवी ना. धों. महानोर यांच्या नावातही हेच अक्षर. मुलाच्या नावात बापाचे आद्याक्षर लावायच्या आपल्या रीतीमुळे धोंडो अजून मराठीत जिवंत आहे, टिंबापुढे अंग चोरून. महर्षी कर्वे यांना मात्र शहराने नावाविनाच सन्मान दिला. चर्चगेटच्या रस्त्याची पाटी आहे महर्षी कर्वे मार्ग. त्यांनी वाढवलेल्या महिला विद्यापीठाच्या जुहूच्या संकुलात शिकणाऱ्या मुलींना त्यांचे पाळण्यातले नाव विचारून पाहावे.

दिसायला सारखे नाव

इथे लेख संपवता आला असता. मुले वाचू लागली, नवसाची नावे गेली, सगळे छान झाले. पण धोंडूच्या रांगेत एक नाव असे उभे आहे, की जे दिसायला त्याच्यासारखेच वाईट आहे आणि अर्थाने अगदी उलटे. ते म्हणजे नकुशा, नकोशी.

घरात तिसरी-चौथी मुलगी झाली की हे नाव पडे. धोंडू ज्याला म्हणतात ते मूल हवे असते, म्हणून त्याला नको म्हटले जाते. नकुशाला नको म्हणतात, कारण ती खरोखरच नको असते. देवाने ऐकावे आणि पुढच्या खेपेला मुलगा द्यावा, यासाठी ती चालतीबोलती तक्रार असते. घाटकोपरच्या असल्फा-भटवाडी भागांत पाटण, जावळी, कराडकडची कष्टकरी घरे पुष्कळ आहेत. तिथल्या एका नकुशाबाईंना मी एकदा त्यांच्या नावाबद्दल विचारले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "बँकेत हाक मारत्यात ना, तवा सगळी वळून बघत्यात." नाव सांगायचे म्हणजे दर वेळी आपण नको होतो हे जाहीर करायचे.

सातारा जिल्हा परिषदेने २२ ऑक्टोबर २०११ रोजी या नावाच्या २८५ मुलींचे जाहीर नामकरण केले. मुलींनी स्वतःला आवडलेली नावे निवडली, प्रमाणपत्रे मिळाली, देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली. कौतुकाचीच गोष्ट. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या लोकल गाड्यांत गर्भलिंग तपासणीच्या जाहिराती उघड लागत. आज पाचशे खर्चून उद्याचे पाच लाख वाचवा, अशा आशयाच्या. त्याविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. मुलगी नकोशी असणे खेड्यातल्या नावात दिसत होते, शहरात ते नावापर्यंत पोचायच्या आधीच उरकले जात होते. उपनगरांतल्या शिकल्यासवरल्या घरांत एकही नकुशा नाही, यावरून तिथे मुलगी सगळ्यांना हवी होती असे अनुमान काढता येत नाही.

म्हणून या दोन नावांचे दुर्मीळ होणे मी एका मापाने मोजत नाही. धोंडू गेला तो त्याचे काम झाले म्हणून. लस आली, पाणी आले, दवाखाना आला, आणि मुलाला दगड म्हणण्याची गरज कोणा आईला उरली नाही. त्याच्या जाण्याचे दुःख करू नये. नकुशा मात्र नामकरणाच्या कार्यक्रमाने कागदावरून गेली. ती मनातून गेली की नाही, हे नावांच्या यादीत दिसणार नाही. ते जन्माच्या नोंदींत मुलग्यांसमोर मुली किती, या आकड्यात दिसेल.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या नावात महाराष्ट्र सरकारने वडिलांच्या नावाआधी आईचे नाव घालायला लावले आहे. आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. ज्या आयांनी शतकानुशतके आपले मूल आपले नाही असे मोठ्याने सांगितले, केरात ठेवले, कवडीला विकत घेतले, त्यांची नावे कोणत्याच रजिस्टरात आली नव्हती. आता मुलुंडच्या टी वॉर्डात किंवा बोरिवलीच्या आर मध्य वॉर्डात जन्माचा दाखला घ्यायला गेलेल्या आईला बाळाच्या नावाला लागून आपलेही नाव छापलेले दिसते. मूल माझे आहे, हे तिला सरकारी कागदावर उघड सांगता येते, आणि त्याने मुलाला दृष्ट लागेल असे तिला वाटत नाही.